टेबलपत्रक: रेस्टॉरंट आणि वाइन बारच्या पाहणीच्या नोंदी

४ फेब्रुवारी

काम असे आहे: रेस्टॉरंट किंवा वाइन बारमध्ये टेबलावर बसल्या बसल्या भरता येईल असे एका पानाचे पत्रक तयार करायचे. ‘छान होते’, ‘ठीक होते’ अशा शेऱ्यांवरून तिथे पुन्हा जावे की नाही हे कळत नाही आणि नेमके काय बिघडले तेही सापडत नाही. जे मोजता येते ते मोजायचे, उरलेल्याला दोन ओळींचा शेरा. पहिल्या खर्ड्यात ३८ प्रश्न झाले. एवढे प्रश्न घेऊन जेवायला बसणे म्हणजे पेपर सोडवायला बसणे. गाळावे लागणारच, पण आधी वापरून पाहू.

तीन जागा, नावे नाहीत. क हा छोटा वाइन बार, ख हे जेवणाचे रेस्टॉरंट, ग हा मोठा हॉल, तिथे दोन्ही चालते. प्रत्येक जागी दोन फेऱ्या: एक साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, एक गर्दीच्या रात्री. एका फेरीवरून निकाल द्यायचा नाही.

सामान: सुईचा डिजिटल थर्मामीटर, ५०० ग्रॅमचा खिशात मावणारा काटा, फोनवरचे आवाज मोजायचे ॲप, घड्याळ, पेन्सिल. पेन नको, ओल्या बोटांनी शाई पसरते.

७ फेब्रुवारी

थर्मामीटर तपासला. ग्लासभर बारीक ठेचलेला बर्फ, त्यात बर्फ बुडेल इतकेच पाणी, ढवळून दोन मिनिटे थांबणे, सुई मधोमध, तळाला किंवा काचेला टेकवायची नाही. यायला हवे ०, आले ०.६. म्हणजे प्रत्येक आकड्यातून ०.६ वजा. पाणी जास्त आणि बर्फ तरंगता असेल तर तळाचे पाणी ३–४ अंशांवर राहते आणि तपासणीच चुकते. पहिल्यांदा तेच झाले.

इन्फ्रारेड थर्मामीटर यादीतून काढला. न शिवता मोजता येते म्हणून तो हवा होता, पण तो फक्त पृष्ठभाग वाचतो. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बाटलीची काच आणि आतली वाइन यांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. चकचकीत स्टीलच्या बादलीवर धरला तर तो बादलीपेक्षा समोरच्या भिंतीचेच तापमान दाखवतो. सुईच बरी.

काट्याची अडचण वेगळी निघाली. रेड वाइनच्या मोठ्या ग्लासचा पाया काट्याच्या ताटलीपेक्षा रुंद असतो, आकडा त्याखाली झाकला जातो. उपाय: ताटलीवर आधी छोटी वाटी पालथी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग तिच्यावर ग्लास.

१२ फेब्रुवारी. क, पहिली फेरी (सुट्टीनंतरचा दिवस)

ग्लासने मिळणाऱ्या तीन वाइन मागवल्या, दोन व्हाइट आणि एक रेड. लिस्टवर ग्लास १५० मिलीचा.

मापाची पद्धत: ग्लास आला की आधी वजन, मग घोट, संपल्यावर रिकाम्या ग्लासचे वजन, फरक म्हणजे वाइन. कोरडी (गोड नसलेली) वाइन पाण्यापेक्षा किंचित हलकी असते, १५० मिली म्हणजे साधारण १४८–१४९ ग्रॅम. आलेले आकडे: १३१, १४७, १६० ग्रॅम. एकाच बारमध्ये, एकाच हाताने. तिसरा ग्लास जास्त भरला म्हणून खूश व्हायचे कारण नाही, याचा अर्थ इथे माप वापरत नाहीत, नजरेने ओततात. ७५० मिलीच्या बाटलीतून १५०चे पाच ग्लास निघतात, १२५चे सहा. नजरेच्या ओतण्यात हा हिशेब कुणाच्या ग्लासातून भरून निघतो ते शेवटच्या ग्लासवाल्याला कळते.

चूक: थंड व्हाइटच्या ग्लासला बाहेरून दव धरले होते, ते न पुसताच वजन केले. ग्लास पुसून पुन्हा ठेवला तर एक ग्रॅमहून जास्त फरक. पत्रकात लिहिले: ‘आधी पुसा.’

तापमान: व्हाइट ५, रेड २४.५. दोन्ही चूक, पण दोन्ही चुका सारख्या नाहीत. ५ अंशांवरच्या वाइनचा वास बंद असतो, पण ती आपोआप सुधारते. खोली २३ अंशांवर होती, ग्लास न हाताळता १४ मिनिटांत वाइन १० वर आली आणि फळाचा वास उघडला. २४.५ वरची रेड मात्र टेबलावर ठेवून कधीच सुधारणार नाही. त्या तापमानाला आधी अल्कोहोल नाकात चढते, मग फळ जॅमसारखे लागते, आणि ‘वाइन जड आहे’ असा शेरा पडतो. वाइन बिचारी बरी होती. जाड रेड १६–१८ अंशांवर, हलकी रेड १३–१४ वर. ‘रेड रूम टेम्परेचरला’ हा नियम ज्या काळातला आहे त्या काळातल्या खोल्या आजच्यापेक्षा बऱ्याच गार असत.

वेटरला इतकेच सांगितले, “रेड थोडी गार करून द्याल का? बाटली बर्फात आठ मिनिटे ठेवली तरी पुरे.” बादली आली ती नुसत्या बर्फाची. खड्यांच्या मधल्या जागेत हवा असते, बाटलीला बर्फ फक्त ठिकठिकाणी टेकतो आणि गार व्हायला फार वेळ लागतो. पाणी घालून घेतले, अर्धे बर्फ, अर्धे पाणी, आतली वाइन जिथवर आहे तिथवर पातळी. नऊ मिनिटांत १७. मग ओतलेला दुसरा ग्लास चाखताना ही तीच वाइन आहे यावर विश्वास बसेना.

दुसरी व्हाइट शिळी होती. रंग गडद सोनेरीकडे झुकलेला, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. “ही बाटली केव्हा उघडलीत?” या प्रश्नाला आधी “आजच” आणि मग बाटली पाहिल्यावर “परवाची असेल” असे उत्तर आले. बाटलीवर तारीख नाही. वेटरने न कुरकुरता नवी उघडून दिली, तेही नोंदवले.

१५ फेब्रुवारी

उघड्या बाटलीचा मुद्दा पत्रकात कसा आणायचा यावर चर्चा. उघडलेली वाइन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडते आणि उष्णतेत ते लवकर होते. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय बूच लावून फ्रिज, रेडसुद्धा. पंपाने हवा काढणाऱ्या रबरी बुचांवर दोन-तीन दिवस निभावते, मात्र पंप मारताना थोडा वासही निघून जातो. आर्गॉन वायू हवेपेक्षा जड आणि निष्क्रिय, तो वाइनवर थर धरतो. कोराव्हिनसारख्या उपकरणात बूच काढतच नाहीत, पोकळ सुई आत जाते, आर्गॉन भरला जातो आणि वाइन बाहेर येते, सुई काढल्यावर नैसर्गिक कॉर्क पुन्हा मिटतो. कृत्रिम बूच तसे मिटत नाही, त्यामुळे तशा बाटलीवर ते वापरले असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

गिऱ्हाइकाला यातले काही दिसत नाही. दिसते ते एवढेच: बाटलीच्या मानेला तारखेची चिठ्ठी आहे की नाही. ३८ पैकी पाच प्रश्न काढून त्या जागी हा एक घातला.

२२ फेब्रुवारी. क, दुसरी फेरी (गर्दीची रात्र)

निकाल उलटा. तिन्ही वाइन ताज्या, कारण गर्दीत बाटली एका तासात संपते. रेड १९ अंशांवर. मापे १४६, १४९, १४८ ग्रॅम. आज काउंटरवर दुसरा माणूस होता आणि तो मापाने ओतत होता.

मात्र ग्लासांना वास होता. ओल्या फडक्याचा. पहिल्या हुंगण्यात तो वाइनचाच वाटला. रिकामा ग्लास मागवून हुंगला तेव्हा उलगडा झाला. ओला ग्लास पालथा ठेवला की आतली दमट हवा कोंडते, शिवाय पुसायचे फडके दिवसभर तेच. लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या ग्लासांनाही त्या त्या वस्तूचा वास लागतो. पत्रकात नवी ओळ, आणि तीही सर्वांत वर: वाइन येण्याआधी रिकामा ग्लास हुंगणे. ग्लासलाच वास असेल तर पुढचे सगळे शेरे संशयास्पद.

२६ फेब्रुवारी. ख, पहिली फेरी

जेवणाची फेरी. ऑर्डर ७.४२, स्टार्टर ८.०१, मेन कोर्स ८.०९. म्हणजे स्टार्टरचे दोन घास झाले नाहीत तोच पुढची प्लेट टेबलावर. कारण बहुधा केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. स्टार्टर आणि मेन एकाच केओटीवर गेले आणि ‘मेन थांबवा’ अशी खूण नसेल तर रिकामे किचन दोन्ही एकदम काढते. गर्दी नसलेल्या दिवशी हा दोष जास्त दिसतो, हे आधी लक्षात आले नव्हते. ऑर्डर देताना “मेनचे आम्ही सांगू तेव्हा सांगा” म्हटले की प्रश्न मिटतो. आणखी खात्रीचा मार्ग म्हणजे आधी फक्त स्टार्टरच मागवणे.

सूप ५६ अंश. टेबलावर येताना ६५–७० असेल तर ते गरम वाटते. सूप उकळते निघाले असणार, वाटी गार होती. चिनी मातीचे जाड भांडे खोलीच्या तापमानाला असेल तर पहिल्या मिनिटातच बरीच उष्णता ओढून घेते.

स्टेक मीडियम-रेअर सांगितला होता, म्हणजे मधोमध ५४–५७ अंश. आला ६३ वर, सरळ मीडियम. आचाऱ्याने जास्त भाजला असे लगेच लिहिणार होतो, पण प्लेटकडे नीट पाहिल्यावर वेगळे दिसले. सॉसवर साय धरली होती, सॉसची कड प्लेटला चिकटून काळपट झाली होती, आणि गार्निशची पाने एका बाजूने मलूल. म्हणजे प्लेट तयार होऊन पासवर (तयार प्लेट वेटरसाठी ठेवतात त्या काउंटरवर) गरम दिव्याखाली थांबली होती, टेबलावरचा दुसरा पदार्थ तयार होईपर्यंत. मांस आचेवरून काढल्यावरही मधले तापमान ३–५ अंश चढते, वर दिव्याची ऊब. भाजणाऱ्याची चूक नाही, दोन पदार्थांची वेळ जुळवणाऱ्याची आहे. शेजारी मासा आला तो मात्र अचूक, थेट आचेवरून.

माशाबरोबर रेडचे दोन घोट घेऊन पाहिले. एका रेडने तोंडात लोखंडी, मासळीचा वास रेंगाळला, दुसऱ्या रेडने काहीच नाही. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी हे वाइनमधल्या लोहाशी जोडले: लोह जास्त असेल तर माशातल्या तेलाशी मिळून तो वास तयार होतो. लोह किती हे लेबलवर लिहीत नाहीत. तेव्हा ‘माशाबरोबर रेड नकोच’ हा नियम फार ढोबळ आहे. ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला मागावी, बहुतेक जागी देतात.

सॅलडवर व्हिनेगर भरपूर होते, त्यावर व्हाइट पाणचट लागली. वाइनला दोष देऊ नये. खाण्यातला आंबटपणा वाइनच्या आंबटपणाहून जास्त झाला की ती सपाट होतेच. तिखटाचेही तसेच, अल्कोहोल तोंडाची जळजळ वाढवते, १५ टक्क्यांची वाइन तर जास्तच.

८ मार्च. ख, दुसरी फेरी

बाटली मागवली. लिस्टवरचे वर्ष आणि बाटलीवरचे वर्ष वेगळे निघाले. यात फसवणूकच असते असे नाही, जुना साठा संपतो आणि लिस्ट पुन्हा छापलेली नसते. पण बाटली दाखवायला आणतात ती याच कामासाठी: उत्पादक, वाइनचे नाव, वर्ष. तिन्ही वाचून मगच होकार. बूच निघाल्यावर हा मुद्दा उकरून काढणे अवघड जाते.

चाखायला ओतलेल्या घोटात ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास. बुचाचा दोष, म्हणजे टीसीए, असण्याची दाट शंका. हे रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला लागते. त्याहून कमी असेल तर पुठ्ठ्याचा वास येत नाही, फक्त वाइनचा स्वतःचा वास दबतो. हा प्रकार जास्त वाईट, कारण लोक ‘वाइन साधारण आहे’ म्हणून पिऊन टाकतात.

खात्री कशी करायची ते इथे करून पाहिले. थोडी वाइन ग्लासात हलवून पाच मिनिटे सोडली. बुचाचा दोष असेल तर हवेने वास उठून येतो. काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास, जो हवा न मिळाल्याने येतो आणि स्क्रू-कॅपच्या बाटल्यांत जास्त भेटतो, तो हवेने उलट कमी होतो. इथे पुठ्ठा वाढत गेला. वारंवार हुंगू नये, नाक सरावते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पहिले हुंगणे खरे. बूच हुंगून फारसे कळत नाही. चांगल्या वाइनचे बूचही बुचासारखेच वास मारते.

परत करताना वापरलेले वाक्य: “हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, तुम्ही एकदा हुंगून पाहता का?” ‘आवडली नाही’ हा शब्द टाळला. चाखायला देतात ते दोष तपासण्यासाठी, आवड ठरवण्यासाठी नाही. कॅप्टनने हुंगून बाटली नेली, दुसरी आणली. अर्धी बाटली पिऊन झाल्यावर हेच सांगितले असते तर त्याच्याही हातात काही उरले नसते.

जेवण आज बरे. स्टेक ५६, प्लेट ऊबदार. स्टार्टर आणि मेन यांत २४ मिनिटे.

१२ मार्च. ग, पहिली फेरी

आवाज. ७.१५ वाजता ७१ डेसिबल, ८.४० ला ७८. फोनचे ॲप प्रयोगशाळेचे उपकरण नव्हे, दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे धरावेत, पण फरक खरा. एक मीटरवरचे साधे बोलणे ६०च्या आसपास असते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, शेजारचे टेबल त्याच्याहून चढवते. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडले, तेव्हापासून या परिणामाला त्याचे नाव आहे.

हॉल पावलांनी मोजला: १२ × ७ × ३.५ मीटर, म्हणजे २९४ घनमीटर. काँक्रीटचे उघडे छत, एक भिंत काचेची, फरशी गुळगुळीत. आवाज शोषणारे क्षेत्र, माणसे धरून, ३५ चौ.मी. मानले तर सबीनच्या सूत्राने घुमण्याचा वेळ (आवाज विरायला लागणारा वेळ) ०.१६१ × २९४ ÷ ३५, म्हणजे १.३५ सेकंद. छताला ४० चौ.मी. शोषक पॅनेल (शोषण ०.८) लावली तर क्षेत्र ६७ होते आणि वेळ ०.७ वर येतो. गिऱ्हाइकाच्या हातात यातले काही नाही, टेबल निवडणे आहे. पडद्याजवळचा कोपरा ७४, मधले टेबल ७८, स्पीकरखालचे ८१.

याचा चवीशी संबंध आहे. २०१५ च्या कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगात विमानातल्या आवाजाएवढ्या, ८५ डेसिबलच्या गोंगाटात गोड कमी आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी चव) जास्त जाणवली. इथे डेझर्टला पडलेला ‘गोडी कमी’ हा शेरा म्हणून कंसात टाकला.

१६ मार्च. ग, दुसरी फेरी

स्पार्कलिंग (फसफसणाऱ्या) वाइनचा ग्लास आला तो बुडबुड्यांशिवाय. पत्रकात ‘उतरलेली’ अशी खूण केली आणि मग घोट घेतला, तर जिभेवर चुरचुर पूर्ण. खूण खोडली. बुडबुडे वाइनमधून आपोआप उठत नाहीत. ग्लासला चिकटलेले सूक्ष्म तंतू, फडक्याचे किंवा धुळीचे, त्यांना सुरुवात करून देतात. मशीनमधून अगदी स्वच्छ निघालेल्या, फडके न लागलेल्या ग्लासात वायू असूनही माळ दिसत नाही. खात्रीसाठी कोरड्या सुती रुमालाने पुसलेल्या दुसऱ्या ग्लासात तीच वाइन ओतून घेतली. बुडाशी चार जागी बारीक माळा सुरू झाल्या, एक तर सुईने ओढल्यासारखी सरळ. प्रश्न बदलला: ‘बुडबुडे दिसतात का?’ काढून ‘जिभेवर चुरचुर आहे का?’

तासाभराने त्याच बाटलीतला दुसरा ग्लास मात्र खरोखर उतरलेला. बाटली बिनझाकणाची, मानेत चमचा. चमच्याने वायू अडत नाही. टिकतो तो थंडीने, आणि कड्या असलेल्या घट्ट झाकणाने.

२० मार्च

पत्रक ३८ वरून ११ प्रश्नांवर. क्रम टेबलावर घडते तसा: रिकाम्या ग्लासचा वास, बाटलीवरची तारीख, वाइनचे तापमान, माप, पहिले हुंगणे, चुरचुर (स्पार्कलिंग असेल तर), स्टार्टर-मेन अंतर, प्लेट गरम की गार, पासवर थांबल्याच्या खुणा, आवाज, तक्रारीला मिळालेला प्रतिसाद. सजावट, गणवेश, मेन्यूची छपाई यांवरचे प्रश्न गेले, सहा फेऱ्यांत त्यांनी एकही निकाल बदलला नाही.

एकूण गुण द्यायचे नाहीत असे ठरले. क सुट्टीनंतर वाईट आणि गर्दीत चांगला, ख मध्ये एकाच दिवशी मासा अचूक आणि स्टेक बिघडलेला. बेरीज केली की हे सगळे ‘मध्यम’ होऊन बसते. त्याऐवजी प्रत्येक जागेखाली एकच ओळ: केव्हा जावे, काय मागवावे, काय टाळावे. क खाली लिहिले: ‘गर्दीच्या रात्री ग्लासने, सुट्टीनंतर गेल्यास बाटलीच घ्यावी.’

राहिलेले: मापाची पद्धत गोड वाइनला चालत नाही, साखरेने ती पाण्यापेक्षा जड होते आणि ग्रॅमवरून मिली काढताना आकडा फुगतो. त्यासाठी वेगळा गुणक लागेल, तोवर त्या रकान्यात फक्त ग्रॅम. ग मध्ये शांत वेळ सापडते का यासाठी तिसरी फेरी ६.३० ला. काट्याचे सेल बदलून ठेवले.